एस्तीबाच्या तळ्यातले चार हजार मासे

सेरबेल गावच्या मासेमारी मंडळाने त्या वर्षी पैसे उभे करायचे सगळे शहाणे मार्ग करून पाहिले आणि मग गाय आणली.

गायीचा खेळ सोपा असतो. शाळेमागच्या कुरणावर चुन्याने दोनशे चौकोन आखायचे, एकेक चौकोन विकायचा, मग गाय मोकळी सोडायची. ती ज्या चौकोनात शेण टाकील तो चौकोन घेणारा जिंकला. बक्षीस म्हणून खाटीक गास्तों सुलेरने डुकराची अख्खी खारवलेली तंगडी दिली होती, आणि मंडळाचा अध्यक्ष आन्सेल्म रूश याने स्वतः चार गोठे फिरून चांगली पोटभर खाणारी गाय निवडली होती. ती गाय चार तास कुरणाच्या मधोमध उभी राहिली. तिने रवंथ केला, जमलेल्या लोकांना एकेक करून न्याहाळलं, आणि पाच वाजता कुंपणाच्या फटीतून बाहेर पडून चर्चच्या पायरीवर जाऊन मोकळी झाली. पायरी कोणीच विकत घेतली नव्हती. सगळ्यांचे पैसे परत करावे लागले आणि गास्तोंने तंगडी पुन्हा दुकानात नेऊन टांगली.

हे सगळं चाललं होतं एस्तीबाच्या तळ्यासाठी. गावापासून तीन तासांच्या उभ्या चढणीवर, कड्यांच्या मध्ये हे तळं आहे आणि वर्षातले सात महिने त्यावर बर्फ असतं. ट्राउट मासा तिथे जगतो, वाढतो, पण त्या पाण्यात त्याची वीण काही होत नाही. म्हणून दर जूनमध्ये खालच्या मत्स्यबीज केंद्रातून बोटाएवढी पिल्लं आणून वर सोडायची, ही गावाची जुनी रीत. पूर्वी माणसं पाठीवर पाण्याचे डबे बांधून चढत. मग माणसांचे गुडघे गेले आणि हेलिकॉप्टर आलं. आता हेलिकॉप्टरचं भाडं असं वाढलं होतं की नगरपालिकेने काखा वर केल्या, आणि दोन वर्षं तळ्यात एक पिल्लू पडलं नव्हतं. गळ टाकून बसलेला माणूस दिवसभर पाण्यात आपलंच तोंड बघून खाली येत असे. परवाने काढणारे चौसष्टाचे अडतीस झाले होते. तीसच्या खाली गेले की मंडळ बंद आणि तळं शेजारच्या बार्जाकवाल्यांच्या ताब्यात, असा नियमच होता. आन्सेल्म बावीस वर्षं अध्यक्ष होता. एकाहत्तराव्या वर्षी आपल्या हातून तळं बार्जाकला जाणार, हे त्याला कसंही करून टाळायचं होतं.

शेवटी त्याने जिल्ह्याच्या मदतनिधीकडे अर्ज केला. उत्तरादाखल पत्र आलं नाही, बाईच आली.

तिचं नाव कोराली. तिशीची असेल, पायात डोंगरात चालायचे बूट, काखेत लॅपटॉप. कॅफेत सगळं मंडळ तिची वाट बघत बसलं होतं. तिने कॉफीसुद्धा घेतली नाही, सरळ लॅपटॉप उघडला.

"गेल्या हंगामात तुमच्या सभासदांनी एस्तीबातून चार हजार एकशे बारा ट्राउट धरले," ती म्हणाली. "सरासरी लांबी अडतीस सेंटीमीटर."

गास्तोंने जरा छाती पुढे काढली.

"आणि तुम्ही शेवटची पिल्लं सोडलीत तीन वर्षांपूर्वी. दोन हजार."

"हो," आन्सेल्म म्हणाला.

"म्हणजे तिथे वीण न होणाऱ्या दोन हजार माशांचे चार हजार मासे झाले. अभिनंदन!" तिच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता, हीच पंचाईत होती. "असं तळं अख्ख्या डोंगररांगेत नाही हो. समितीचं म्हणणं असं की मदत गरजू तळ्यांना द्यावी. उलट तुमच्याकडचे हजारभर मासे काढून बार्जाकच्या तळ्यात सोडता येतील का, असं विचारायला मला पाठवलंय."

"बार्जाकवाल्यांना?" गास्तों ताडकन उठला. "आमचे मासे? एकही देणार नाही!"

मासेच नाहीत, हे तो त्या क्षणी साफ विसरला होता.

या सगळ्याचं मूळ होतं वह्यांमध्ये. नियम असा की परवाना असलेल्याने आपण धरलेला प्रत्येक मासा तारीख आणि लांबी घालून वहीत लिहायचा. इतर गावांत या वह्या लोक घरी ठेवतात. सेरबेलमध्ये त्या कॅफेत, कॉफीच्या मशीनशेजारी खिळ्यांना ओळीने टांगलेल्या असत. घरच्या वहीत माणूस एखादवेळी खरं लिहील, पण टांगलेल्या वहीत लिहिण्याआधी तो शेजाऱ्याची वही वाचतो. निवृत्त मास्तर इलेरांनी मंगळवारी तीन मासे लिहिले की बुधवारी गास्तोंचे पाच होत, आणि गुरुवारी मास्तरांना आठवे की आपले खरं तर सहा होते. हंगाम संपला की वह्या टपालाने जिल्ह्याला जात. सरकारी कचेरीत कोणी काही वाचतं यावर खोऱ्यात कोणाचा विश्वास नव्हता. आणि आता ही पोरगी निघाली, जिने वीस वर्षांच्या वह्या बसून वाचल्या होत्या.

आन्सेल्म तिला बाहेर कारंज्यापाशी घेऊन गेला.

"मॅडम, वर मासे नाहीत."

"वह्यांत आहेत."

"वह्यांत आहेत. तळ्यात नाहीत."

कोरालीच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला. बिचारीने त्या आकड्यांवर मोठा थोरला अहवाल लिहिला होता.

"सगळेच खोटं लिहितात?"

"गळ टाकणारे सगळे."

"मग दुरुस्त करा," ती म्हणाली. "ज्याची वही त्यानेच, भर सभेत, माझ्यासमोर, सही करून. वीसच्या वीस वर्षांच्या. शनिवारी दुपारी मी येते. सोमवारी अर्ज समितीपुढे जातोय. त्यानंतर मी काही करू शकत नाही."

वीस वर्षं म्हटल्यावर आन्सेल्मच्या तोंडचं पाणी पळालं. कारण सोळा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये त्याच्या वहीत एक ओळ होती: ट्राउट, एक, एकसष्ट सेंटीमीटर. हा एस्तीबाचा विक्रम होता. त्या माशासकट त्याचा फोटो कॅफेच्या भिंतीवर लावलेला होता, आणि खरं बोलायचं तर तेव्हापासून त्याच फोटोच्या जोरावर तो दर दोन वर्षांनी अध्यक्ष होत आला होता. तो मासा त्याने धरलाच नव्हता. त्याच्या बायकोने धरला होता.

त्या दिवशी लेओन्तीन त्याच्याबरोबर वर गेली होती ती रानातल्या ब्लूबेरी वेचायला. सकाळी खाल्लेलं गास्तोंकडचं सॉसेज आन्सेल्मच्या पोटात फिरलं. "धर जरा. काही करू नकोस, नुसती धर," असं म्हणून गळाची काठी तिच्या हातात देऊन तो घाईघाईने दगडाआड गेला. पट्टा आवळत परत येतो तो मासा गवतावर आणि लेओन्तीन त्याच्यावर पदर टाकावा तसा एप्रन टाकून बसलेली. "पळत होता," ती म्हणाली, "म्हणून ओढला." त्या तळ्यावर आन्सेल्मची चाळीस वर्षं गेली होती आणि त्याला मिळालेला सर्वांत मोठा मासा होता एकोणचाळीस सेंटीमीटरचा. तो दगडावर बसला. नंतर तीन तासांच्या उतारावर तो अवाक्षर बोलला नाही. गावातली पहिली घरं दिसली तेव्हा लेओन्तीनने मासा त्याच्या हातात दिला. "घे. नाहीतर नाताळपर्यंत तोंड फुगवून बसशील. आणि माझ्याकडे परवाना कुठाय?"

त्याने घेतला. घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर मोजला तर सत्तावन्न भरला. पण कॅफेत गास्तोंच्या वहीत त्याच महिन्यात साठ लिहिलेले होते, म्हणून याने एकसष्ट लिहिले.

पुढे सोळा वर्षं आन्सेल्म ही हकीकत येईल त्या पाहुण्याला सांगत आला. हकीकत दरवर्षी वाढत गेली. चाळीस मिनिटं झुंज चालली, तो पाण्यात उतरला, पाय घसरला. लेओन्तीन शेजारी विणत बसलेली असे आणि मूग गिळून ऐकत असे. फक्त एकदा, पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा, ती वर न बघता म्हणाली होती, "गेल्या वर्षी गुडघ्याएवढं होतं."

सभेच्या आदल्या दिवशी ती ओट्यापाशी कोबी चिरत होती. सभा म्हटली की सूप हवंच, आणि सूप म्हटलं की ते लेओन्तीनकडे.

"उद्या सगळ्यांना खरं लिहायचंय," आन्सेल्म म्हणाला.

"बरं होईल."

"सगळ्यांना, लेओन्तीन."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून." कोबीचे दोन तुकडे झाले, चार झाले.

"नाही, म्हणजे… तुला काय वाटतं?"

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "मासा तुझा आहे."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की त्याला ते चांगलंच लागलं. रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

शनिवारी दुपारी दोन वाजता सभागृहात अडतीसच्या अडतीस माणसं हजर होती. बक्षीस समारंभालासुद्धा एवढी कधी जमली नव्हती. समोरच्या टेबलावर कोराली, तिच्यापुढे वह्यांचे गठ्ठे आणि लाल पेन. मागच्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी, तिच्यातून सुपाची वाफ आणि लेओन्तीनचा पळीवाला हात दिसत होता.

"कोण सुरुवात करतंय?" कोरालीने विचारलं.

सगळ्यांना एकदम आपापल्या बुटांत काहीतरी दिसलं.

थोड्या वेळाने मास्तर इलेर उभे राहिले. "माझी एक सूचना आहे," ते म्हणाले. "प्रत्येकाने वेगवेगळं कशाला? सगळ्यांनी मिळून सरसकट दहा टक्के कमी करू. म्हणजे कोणा एकाची अब्रू जाणार नाही."

"दहा टक्के?" मागून कोणीतरी म्हणालं. "मास्तर, तुमचे दहा टक्केच राहू द्या, बाकीचे कमी करा."

हशा झाला, पण उठलं कोणीच नाही. कोणीतरी गुप्त मतदान सुचवलं. कशावर मत द्यायचं हे त्यालाही सांगता आलं नाही. कोराली घड्याळ बघू लागली. त्या खोलीत बसलेली माणसं एरवी भित्री नव्हती. हिमवादळात मेंढ्या शोधायला जाणारी माणसं ती. पण आपला छत्तीसचा मासा बावीसचा होता हे शेजाऱ्यासमोर म्हणायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

तेवढ्यात गास्तों उठला. "पहिल्यापासूनच सुरू करू ना," तो गोड आवाजात म्हणाला. "विक्रमापासून. अध्यक्षमहाराज, सोळा वर्षं आमच्या मनात एक शंका आहे. माझा साठ आणि तुमचा नेमका एकसष्ट. टेप कोणती होती हो ती?"

कागदापुरता तो जुना मासा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. समितीला हवे होते अलीकडचे आकडे. पण सभेपुरता तोच एक मासा होता, आणि आन्सेल्मला कळून चुकलं की एकसष्टाचे साठ केले तरी काम भागेल, बाकीचे सुरू होतील. एक सेंटीमीटर टाकायचा आणि बसायचं. तो उठला तेव्हा तेवढंच करायचं त्याच्या मनात होतं. मग त्याची नजर खिडकीतल्या हाताकडे गेली. पळी थांबली होती.

"तो मासा मी धरला नाही," तो म्हणाला.

लोक हसले. अध्यक्ष विनोद करतायत असं वाटलं त्यांना.

"लेओन्तीनने धरला. मी दगडाआड होतो."

"दगडाआड काय करत होतास?" गास्तोंने विचारलं.

"तुझं सॉसेज, गास्तों."

आता मात्र सभागृहात हशा उसळला. हसणं ओसरल्यावर आन्सेल्म पुढे बोलला, आणि त्याचा आवाज नेहमीचा अध्यक्षाचा नव्हता. "पाण्यात मी उतरलो नाही. कमरेपर्यंतही नाही आणि घोट्यापर्यंतही नाही. चाळीस मिनिटं वगैरे काही नाही, मी परत आलो तर मासा बाहेर होता. तिने मला तो दिला आणि मी घेतला. तिचा मासा सोळा वर्षं मी तिच्या तोंडासमोर माझा म्हणून सांगत आलो, आणि ती ऐकत आली. मला त्याची लाज वाटते. उद्यापासून दुसरा अध्यक्ष बघा."

मागे खिडकीची फळी धाडकन पडली आणि स्वयंपाकघर दिसेनासं झालं.

आन्सेल्म खाली बसला. अध्यक्षपद गेलं ते गेलंच, पण भर गावात आपल्यामुळे तिचं हसं झालं म्हणून आता घरीही काही खरं नाही, असं त्याला वाटलं.

आता सगळे गास्तोंकडे बघू लागले, कारण हिशेब सरळ होता. एकसष्ट गेले की राहिले साठ. गास्तों सुलेर, एस्तीबाचा विक्रमवीर. अर्धा मिनिट त्या खाटकाच्या तोंडावर असा आनंद होता की पाहणाऱ्याला दया यावी. मग त्याने रुमालाने मान पुसली.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला. "डोक्यासकट."

आणि त्यानंतर धरणच फुटलं. माणसं रांग लावून टेबलाशी गेली. कोणी ओरडून खोटं कबूल करत होतं, कोणी कुजबुजून. मास्तर इलेरांचे गेल्या वर्षीचे दोनशे बारा मासे नऊ झाले, आणि त्या नवांतला एक तर बूट होता असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. दोघा भावांनी सात वर्षं एकच मासा दोघांच्या वह्यांत लिहिला होता. बेकरीवाली ऑर्तांसने गठ्ठ्यातून आपल्या नवऱ्याची गेल्या हंगामाची वही काढून पुढे ठेवली. तो हिवाळ्यात वारला होता. "त्याचं सगळं खरं होतं," ती म्हणाली. त्याच्या वहीत एका दिवसात बावन्न मासे होते. रांगेतलं कोणी हसलं नाही, आणि कोरालीने ती वही पेन न लावता मिटून बाजूला ठेवली.

साडेचार वाजता कोरालीने बेरीज केली. दोनदा केली.

"गेल्या हंगामात दोनशे एकतीस मासे," ती म्हणाली. "त्यातले बावन्न मी हिशेबात धरत नाही. सरासरी एकवीस सेंटीमीटर. माझ्या यादीत याहून दरिद्री तळं दुसरं नाही. पिल्लं जूनमध्ये येतील. हेलिकॉप्टरसकट. हे मी लिहून देते."

आपण दरिद्री ठरलो म्हणून एवढ्या टाळ्या कुठल्याच गावाने वाजवल्या नसतील. गास्तोंने ओरडून सांगितलं की अध्यक्ष बदलायचा प्रश्नच येत नाही, कारण एवढं कबूल करून पुन्हा उभा राहणारा दुसरा कोणी सापडणार नाही. आन्सेल्म हसला, पण त्याचं लक्ष बंद फळीकडे होतं.

"एक ओळ राहिली," कोराली म्हणाली. "सोळा वर्षांपूर्वीची. तुमचं नाव मी खोडलं, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. त्यांना बोलावता?"

"त्यांच्याकडे परवाना नव्हता," मास्तरांनी नियम काढला.

"सोळा वर्षांत तो गुन्हा केव्हाच बाद झाला," कोराली म्हणाली. "बोलवा."

लेओन्तीन एप्रनला हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. वाफेने की कशाने, ते आन्सेल्मला कळेना, आणि सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही असं फार वेळा झालं नव्हतं. ती त्याच्याकडे न बघता टेबलाशी जाऊन उभी राहिली. लोकांनी आपोआप वाट करून दिली.

"नाव?"

"लेओन्तीन रूश."

"लांबी? यांनी एकसष्ट लिहिली होती. तीही दुरुस्त करायची असेल तर आताच सांगा."

कबुलीच्या भरात सत्तावन्न सांगायचे राहूनच गेले होते. आन्सेल्म तोंड उघडणार तोच त्याला वाटलं, बरं झालं, तीच सांगेल. लेओन्तीन कधी खोटं बोलत नसे. दुकानात चुकून जास्त सुटे आले तर ते द्यायला पावसात परत जाणारी बाई ती.

लेओन्तीनने एकदा गास्तोंकडे पाहिलं. मग मास्तरांकडे, मग ओळीने सगळ्या गळवाल्यांकडे, ज्यांना तिने बावीस वर्षं सूप वाढलं होतं.

"चौसष्ट," ती म्हणाली.

कोरालीचं पेन हवेतच राहिलं. गास्तों हळूहळू आन्सेल्मकडे वळला.

"अध्यक्ष," तो म्हणाला, "मोजला तू होतास ना?"

लेओन्तीनने तेव्हा कुठे नवऱ्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. तिचे डोळे चमकत होते, त्या दिवशी गवतावर बसली होती तेव्हासारखे, आणि ते तेव्हा आपण पाहिलंच नव्हतं हे आन्सेल्मला आता उमगलं.

"मीच मोजला," तो म्हणाला. "चौसष्टच होता. शेपूट माझ्याकडून जरा दुमडली गेली होती."

कोरालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, सुस्कारा सोडला आणि चौसष्ट लिहिले. लेओन्तीनने पेन घेऊन त्यापुढे ठसठशीत सही केली.